एक रुपया स्वतःचा

माझ्या आवाजाबद्दल मी स्वतः काही बोलू नये, असं माझी मुलगी म्हणते. पण मग बोलणार कोण? चाळीस वर्षं मी कुस्तीच्या मैदानात माइक धरलाय. सांगली-कोल्हापूरकडच्या जत्रांमध्ये पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं नाव, गाव, वस्ताद आणि मागच्या साली त्यानं कुणाला चीतपट केलं, हे सगळं मी कागद न बघता सांगतो. कुस्तीवर इनाम लावणाऱ्याचं नाव तर असं पुकारतो, की त्या माणसाची छाती दोन इंच वाढते. नाव न सांगता इनाम लावायला आमच्याकडे परवानगी नाही. कुणी गुपचूप पैसे देऊ लागला की लोक समजतात, कुस्तीचा निकाल आधीच ठरलाय.

ही एवढीशी गोष्ट माझ्या मुलीच्या डोक्यात लहानपणापासून घर करून बसली होती, हे मला फार उशिरा कळलं.

वैजयंता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत गणित करते. गणित करते म्हणजे नेमकं काय करते, हे मला आमच्या माळशेंदमध्ये कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. दोन हजार छत्तीस साली ती एक पेटी, दोन सहकारी आणि शासनाचा कागद घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आबा, तुमचा आवाज हवाय."

मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून तिनं तीन दिवस मला बोलायला लावलं. आडनावं, नावं, आकडे. त्या तुकड्यांवरून यंत्र माझ्या आवाजात कुठलंही नाव पुकारू शकणार होतं. यंत्रणेचं नावही 'पुकारा'च. शासनानं चाचणीसाठी तीन गावं निवडली होती, त्यातलं एक आमचं. नगराध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती.

"पर ह्यात नवीन काय? निवडणुकीचा खर्च तर आधीबी दाखवत्यातच की," मी म्हणालो.

"उमेदवार दाखवतो तेवढाच दिसतो, आबा. पुकाऱ्यात पैसा स्वतःच बोलतो."

मग तिनं मला समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. मोठ्या नोटा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सगळा व्यवहार फोनमधल्या डिजिटल रुपयात चालायचा. हा रुपया बँकेतल्या आकड्यासारखा एकमेकांत मिसळत नाही. प्रत्येक रुपयाला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो मागच्या आठ दिवसांत कुणाच्या हातून आला, हे त्याला आठवतं. फोनमधून पैसे देताना सगळ्यात शेवटी आलेले रुपये आधी बाहेर पडतात. प्रत्येक उमेदवाराला शासनानं एक 'झोळी' दिलेली. मांडव, गाड्या, फ्लेक्स, जेवण, सगळ्याचे पैसे त्या झोळीतूनच द्यायचे. त्याशिवायचा मांडव दिसला तर कुणीही फोटो काढून पाठवावा, मांडव तासाभरात जप्त. झोळीत काल कुणी काय टाकलं, हे आज संध्याकाळी सहा ते आठ चौकातल्या कर्ण्यांवरून पुकारायचं. देणाऱ्याचं नाव आणि त्याच्याकडे तो पैसा कुणाकडून आला त्याचंही नाव.

"म्हंजे डेअरीतल्या हमालानं सिस्टरला शंभर रुपये दिलं, की त्याची नोकरी गेलीच म्हणायची," मी म्हणालो.

वैजूचा चेहरा खुलला. तिला आवडणारा प्रश्न मी विचारला होता. "म्हणूनच पाचशेपर्यंतच्या देणगीला कुलूप. गणिताचं कुलूप. बंद डब्यातलं तूप आपण डबा न उघडता वजन करतो ना, तसं यंत्र त्या देणग्या न उघडता त्यांची बेरीज करतं. किती जणांनी, किती दिलं, एवढंच कळतं. नाव मलासुद्धा दिसत नाही. पाचशेच्या वर एक रुपया जरी गेला, तरी कुलूप लागतच नाही. एकदा टाकलेलं तीन दिवसांत परत घेता येतं, आणि एका माणसाला एकूण पंचवीस हजारांच्या वर देता येत नाही."

"आणि एखाद्यानं धा लाख रुपये पाचशे-पाचशे करून हजारो लोकांच्या हातनं टाकले तर?"

तिनं पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तिथं आम्ही उघडे पडतो. ते भोक बुजवायचं तर गरिबाचं कुलूप काढावं लागेल. ते मी करणार नाही." शासनाच्या समितीची अटही तिनं तेव्हाच सांगितली. या निवडणुकीत पुकारा फसला, तर तो कायमचा गुंडाळायचा. तिची अकरा वर्षं त्यात गेली होती.

उमेदवार दोन होते. एक, रणवीर थोरवत. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की तो धैर्यशील थोरवत ऊर्फ दादासाहेबांचा पुतण्या. दादासाहेबांची दूध डेअरी म्हणजे अख्खं माळशेंद. अडीच हजार घरांचं दूध तिथं जातं. दुसऱ्या, कमल पाटोळे. सरकारी दवाखान्याच्या प्रसूती वॉर्डात त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यामुळे सगळा गाव त्यांना सिस्टरच म्हणतो. डेअरीचं आंबूस पाणी आमच्या ओढ्यात सोडतात आणि पोरांच्या अंगावर चट्टे उठतात. ते पाणी शुद्ध करूनच सोडायचं, एवढा एकच मुद्दा घेऊन सिस्टर घरोघर चालत होत्या. त्यांच्या झोळीत आठ हजार तीनशे रुपये होते.

आणि मी? वर्षाला माझी बावन्न मैदानं होतात. त्यातली एकतीस दादासाहेबांच्या पैशावर. म्हणून दादासाहेबांनी "प्रचाराचा नारळ फोडायचाय, माइकवर तुम्हीच पायजे सर्जेराव," असा निरोप पाठवला, तेव्हा मी घरात न सांगता इस्त्रीचा सदरा घातला.

दादासाहेबांनी आदल्या दिवशी स्वतःच्या फोनवरून डेअरीच्या प्रत्येक दूध उत्पादकाला आणि कामगाराला पाचशे रुपये 'खास बोनस' दिला होता. मलाही मिळाला. मी कधी डेअरीला थेंबभर दूध घातलेलं नाही. बोनस कशाचा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पटांगण माणसांनी भरून गेलं होतं. गुरुजींनी दहा बावीसचा मुहूर्त काढला होता. डेअरीच्या मॅनेजरनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. सर्वांनी आत्ता, मुहूर्तावर, आपल्या फोनवरून पाचशे रुपये रणवीरदादांच्या झोळीत पाठवावेत, असं मी सांगायचं.

नारळ फुटला. हलगी कडाडली. हलगी वाजली की माझ्या अंगात वारं शिरतं, त्याला मी काय करणार? मी चिठ्ठी खिशात घातली आणि आवाज सोडला, "मंडळी, फोन काढा! शुभमुहूर्त साधा! रणवीरदादांच्या झोळीत प्रत्येकाकडून रोख रुपये पाचशे एक! पाचशे एक! पाचशे एक!"

अडीच हजार अंगठे फोनवर उमटले. पहिल्या रांगेत दादासाहेबांनी डोळे मिटून, फोन कपाळाला लावून रक्कम पाठवली. मीही पाठवली.

घरी आलो तर वैजू दारातच उभी होती. तिनं सगळं फोनवर पाहिलं होतं. "आबा, तो माणूस माझ्या कामाला भोक पाडत होता, आणि माइकवर तुम्ही?"

"मैदान काय, सभा काय, माइक तो माइक," मी म्हणालो. मला स्वतःलाच ते पटलं नाही. ती आत निघून गेली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी ती माझ्यासोबत जेवली नाही. मी मुलीला विकलं होतं, एकतीस मैदानांना. दुसरा शब्द मला सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून तिची हाक आली, "आबा! लवकर या!"

पडद्यावर रणवीरच्या झोळीचे दोन आकडे होते. कुलूपबंद देणग्या: सहा. उघड्या देणग्या: दोन हजार चारशे बारा.

"हे कसं झालं? त्यांनी पाचशेच टाकायचे होते ना?" ती म्हणाली. मी खिशातली चिठ्ठी काढली. चिठ्ठीत पाचशेच होते. मग तिनं कालचा व्हिडिओ लावला, आणि मी माझाच आवाज ऐकला. पाचशे एक. तीनदा.

 आमच्याकडे शुभकार्याला शून्यावर संपणारी रक्कम देत नाहीत. लग्नाच्या पाकिटाला वरचा रुपया चिकटवूनच पाकीट विकतात. इनाम एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक असंच असतं. चाळीस वर्षांत 'पाचशे' हा शब्द माझ्या तोंडून माइकवर एकदाही निघाला नसेल. पण माझं जाऊ दे. मॅनेजर शेजारी उभा होता, चिठ्ठी त्यानंच लिहिली होती, त्यानंही पाचशे एकच पाठवले. कट रचणारे दादासाहेब, त्यांनीही. नारळ फुटलाय, मुहूर्त चाललाय, अशा वेळी अख्ख्या पटांगणात एकाही माणसाला, आणि फोनवर बघणाऱ्या वैजूलाही, त्या आकड्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. ज्या सहा जणांनी पाचशेच टाकले, ते बाहेरून आलेले इंजिनिअर असणार.

वैजू माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. "आबा, मुद्दाम केलंत ना तुम्ही?"

हो म्हणायचं फार मनात आलं. एक शब्द, आणि मी मुलीच्या नजरेत पुन्हा पैलवान झालो असतो. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे पराक्रम वाढवून सांगितलेत, स्वतःचा एखादा सांगितला तर बिघडलं कुठं?

"न्हाई गं," मी म्हणालो. "जीभच तशी वळलीय. मला ठावंसुदिक न्हवतं."

तिनं नाक पुसलं आणि ती हसली. "मला माहीत होतं. खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक होतो. तीन दिवस रेकॉर्डिंग केलंय मी."

त्या संध्याकाळी सहाला चौकात नेहमीची गर्दी होती. भजी तळली जात होती. कर्णे खरखरले आणि माझा आवाज आला, "आडमुठे, आनंदा रामू. पाचशे एक. त्यातले पाचशे धैर्यशील थोरवत यांचे. एक रुपया स्वतःचा."

लोक खदखदून हसले. "आनंद्या, लई मोठा दानशूर झालास की रं!" दुसरं नाव, तिसरं नाव. प्रत्येकामागे तेच: पाचशे थोरवत यांचे, एक रुपया स्वतःचा. पन्नासाव्या नावापर्यंत हसू चाललं. मग ते विरलं, कारण हसणाऱ्यांचीच नावं येऊ लागली. नाव आलं की माणूस चपलेकडे बघायचा. बायका पदर तोंडावर घ्यायच्या. आठ वाजेपर्यंत बाराशे नावं झाली आणि यंत्र 'प'वर थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेब स्वतः घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वैजू चौकात कर्णे तपासायला गेली होती.

"सर्जेराव, काय केलासा ओ हे!" ते म्हणाले. "बारा लाखाचं माझं नाव सगळ्या गावात नाचवलासा."

"मी मुद्दाम न्हाई केलं, दादासाहेब."

"मला म्हाईत हाय. मीबी पाचशे एकच टाकलं न्हवं का!" त्यांना स्वतःलाच हसू आलं, मग ते गंभीर झाले. खिशातून कागद काढून त्यांनी पुढं सरकवला. "तुमच्या पोरीच्या करारात लिवलंय. आवाज तुमच्या मालकीचा. तुम्ही काढून घेटला की यंत्र गप. नवा आवाज बशिवला तर आठ दिवस पुन्यांदा चाचणी. मतदान पाच दिवसांवर हाय. सही करा."

करार वैजूनंच सगळ्यांना वाचायला खुला ठेवला होता. सगळं उघडं म्हणजे सगळं उघडं.

"हे बगा," दादासाहेब हळू आवाजात म्हणाले, "आज 'म' येणार. मगदूम. तुमच्याच आवाजात तुमचीच अब्रू जाणार. पोरगी गणित करणारी, आणि बाप पाचशेचा मिंधा. कशाला ती शोभा? सही करा, एकतीसची चाळीस मैदानं करतो."

खोटं कशाला सांगू, पेन मी हातात घेतलं होतं. आवाज काढून घेतला की माझं नाव झाकलं जाईल, आणि आयुष्यभर मैदानं मिळतील. वैजूची अकरा वर्षं मात्र जातील, आणि ओढा आहे तसाच वाहील. मी पेनाचं टोपण लावलं.

"दादासाहेब, मैदानात मी हरलेल्याचंबी नाव सांगतो," मी म्हणालो. "माझंच तेवढं कसं गाळू?"

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "बावन्नातली एकवीस उरली म्हणा." चहा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. आज कुणी हसत नव्हतं. पाटील, पोवार, बागवान, भोईटे.  वैजू खांबाजवळ उभी होती. मी दादासाहेबांना काय सांगितलं, हे तिला मी कळवलं नव्हतं. माझं नाव येणार, हे मात्र तिला ठाऊक होतं.

"मगदूम, सर्जेराव बापू. पाचशे एक. त्यातले पाचशे धैर्यशील थोरवत यांचे. एक रुपया स्वतःचा."

आवाज माझा होता, आणि काय खणखणीत होता! सगळा चौक माझ्याकडे वळला. आमच्या मैदानात इनाम देणाऱ्याचं नाव पुकारलं की त्यानं जागेवर उभं राहून चहूबाजूंना हात जोडायचे असतात. नाहीतर ते इनाम धरत नाहीत. मी पारावर चढलो आणि हात जोडले.

"खरं हाय!" मी कर्ण्याच्या वर ओरडलो. "मीच तो! पाचशे एक मी ह्या घडीला परत घेतो. पाचशे त्यांचे, ते त्यांना धाडतो. रुपया माझा हाय. तो मला पायजे तिथं जाईल!" आणि सगळ्यांसमोर फोन काढून मी बटण दाबलं.

कर्णा थांबणारा नव्हता. "मणेर, हुसेन बाबालाल. पाचशे एक..." हुसेन सायकलवाला गर्दीत होता. त्यानं हात वर केला. "खरं हाय! पाचशे परत!" मग माने आल्या, दोघी जावा, त्या एकदमच बोलल्या. मोरे. यादव. रजपूत. प्रत्येक नावाला कुठूनतरी हात वर जात होता, आणि लोक त्या हाताला वाट करून देत होते. काल ज्यांची नावं झाली होती, ते मागून ओरडू लागले, "आमचंबी! आमचंबी परत!"

"आणि उद्या दूध न्हाई घेटलं तर?" कुणीतरी विचारलं.

"अडीच हजार घरांचं दूध न्हाई घेटलं, तर दादासाहेब काय पाण्याला विरजण लावणार व्हय?" हुसेन म्हणाला, आणि अख्खा चौक हसला. कालच्या पन्नासाव्या नावानंतर पहिल्यांदा माळशेंद हसलं. वैजू खांबाला टेकून रडत होती आणि हसत होती. मला गर्दीतून तिच्यापर्यंत पोचायला पाव तास लागला. पोचल्यावर तिनं माझा हात धरला आणि आठ वाजेपर्यंत सोडला नाही.

रणवीरची उमेदवारी राहिली, झोळी मात्र कोरडी ठणठणीत झाली. पंचवीस हजारांची मर्यादा मोडल्याबद्दल दादासाहेबांना दंड झाला. तो किती, हेही यंत्रानं सांगितलं. उरलेले चार दिवस रणवीरला सिस्टरसारखंच घरोघर चालावं लागलं. पोरगा वाईट नव्हता. लोकांनी त्याला पाणी दिलं, प्रश्न विचारले. सिस्टर सहाशे अकरा मतांनी निवडून आल्या. पावसाळ्याच्या आत डेअरीला पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवावं लागलं. समितीनं पुकारा पुढच्या वर्षी सगळ्या नगरपंचायतींना लागू केला, आणि माझी मैदानं खरोखरच एकवीसवर आली.

पण मला निकालापेक्षा त्याच्या आधीची एक संध्याकाळ अजून आठवते. नावं सगळी होऊन गेली होती, ऐकायला आता काही उरलं नाही म्हणून चौकात जेमतेम निम्मे लोक आले होते. सिस्टर भजीवाल्याच्या बाकावर पाय चोळत बसल्या होत्या. सहा वाजता कर्णे खरखरले.

"कमल पाटोळे यांच्या झोळीत काल आलेली रक्कम: एक हजार नऊशे सदुसष्ट रुपये. देणारे: एक हजार नऊशे सदुसष्ट. नावं कुलूपबंद."

माझा आवाज तिथंच थांबला. पुढं सांगायला काही नव्हतं. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. हात कुणाला जोडावेत, ते त्यांना कळेना. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, हे चौकातही कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडे बघून टाळ्या वाजवल्या, आणि कितीतरी वेळ वाजवल्या.